नाताळला 'दुर्बळपणातून आशा' यावर मुलांसमोर बोलायचंय, पण घरातच असं झालंय, काय बोलू?

साक्रीकडची_ताई | १३ डिसेंबर, रात्री ११:२०

सगळ्यांना नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी साक्री तालुक्यातली, गावाचं नाव नको. आमची मंडळी छोटी, पाळकसाहेब तीन गावं बघतात म्हणून संडे स्कूल आम्हा बायांकडेच आहे. २४ तारखेला मुलांचं नाटक झालं की दहा मिनिटं मी बोलायचं असं ठरलंय आणि विषय पाळकसाहेबांनीच दिला, देव दुर्बळांना कसा वापरतो आणि त्यातून आशा कशी मिळते. तेव्हा मी हो म्हणून बसले. आता रोज रात्री वही उघडते आणि तशीच बंद करते.

कारण सांगते. आमचे हे पिकअप चालवतात, म्हणजे चालवायचे. मिरचीच्या सीझनला नंदुरबार मार्केटची खेप रोजची. दसऱ्याच्या चार दिवस आधी पहाटे गाडी काढायला उठले तर तोंड वाकडं आणि उजवा हात खाली. वय ४१. बीपी आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. आता पाय बराच आलाय, काठी घेऊन अंगणापर्यंत जातात, पण हात नुसता लोंबतो आणि बोलणं गेल्यासारखंच आहे, डोक्यात सगळं असतं पण शब्द सापडत नाही, मग चिडतात, मग रडतात, मग मी रडते.

नाताळात घरोघरी गाणी म्हणत फिरते ती आमची कॅरल टीम, पंधरा वर्षं तिची ढोलक यांच्याकडेच. गेल्या आठवड्यात पोरं ढोलक मागायला आली, काढून दिली, आणि यांनी भिंतीकडे तोंड केलं. रात्री कसंबसं एकच वाक्य बोलले, टीम येईल त्या दिवशी दिवा बंद करी ठेवजो.

वरून भेटायला येणारे. एक म्हणतात विश्वास कमी पडला. दुसरे म्हणतात बघ ताई देव याचाच वापर करणार, मोठी साक्ष होईल, म्हणजे यातून लोकांना देवाचं काम दिसेल. मला खरंच राग येतो हो. वापरणार म्हणजे काय, माणूस काय पाना-पक्कड आहे का? आणि साक्ष व्हायला माझ्याच नवऱ्याचा हात लागत होता का?

देवावरचा विश्वास गेलेला नाही माझा, तसं समजू नका. पण मुलांसमोर उभं राहून खोटं बोलायचं नाहीये. कोणी सांगेल का की नाताळच्या गोष्टीत दुर्बळपणा म्हणजे नक्की काय आणि त्यात आशा कुठंय?

---

गिरणाकाठचा_भाऊ | १४ डिसेंबर, सकाळी ६:०५

ताई प्रभूच्या नावात सलाम. धीर सोडू नका. पवित्र शास्त्रात तर अशीच माणसं भरलीयत बघा, मोशे म्हणाला मला नीट बोलता येत नाही तरी त्यालाच फारोपुढं उभं केलं, दावीद इशायच्या आठ पोरांत सगळ्यात धाकटा, शमुवेल घरी आला तेव्हा त्याला बोलवायचं पण कोणाच्या लक्षात नाही, तो मेंढरं राखत बसलेला, आणि गिदोनाचं तर काय सांगू, लढाईला ३२ हजार माणसं जमली होती, त्यातले घाबरणारे २२ हजार घरी गेले, राहिलेल्या १० हजारातून देवाने फक्त ३०० ठेवले, का तर आम्ही आमच्या जोरावर जिंकलो असं इस्राएलाने म्हणू नये म्हणून. बेथलेहेम पण तसंच, मीखा संदेष्ट्याने आधीच सांगून ठेवलं होतं की यहूदातलं ते लहानसं गाव, त्यातूनच राजा येईल. हे चार-पाच घ्या, दहा मिनिटं सहज भरतील. आमच्याकडे मुलांना गिदोनाचे मडके आणि मशाली फार आवडतात.

---

साक्रीकडची_ताई | १४ डिसेंबर, दुपारी १:४०

भाऊ मनापासून लिहिलंत, आभार. पण मोशे शेवटी लोकांना घेऊन निघाला, दावीद राजा झाला, गिदोन लढाई जिंकला. सगळे दुर्बळ शेवटी जिंकतात. आमच्या यांचा हात नाही आला तर? तेव्हा गिदोन सांगून मी काय करू?

---

पिंपळनेरचा_पण_पुण्यात | १४ डिसेंबर, रात्री ९:१५

ताई तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि जिंकणाऱ्यांचीच यादी द्यायची ही आपल्या सगळ्यांची सवय आहे, मीही कॅरलच्या घोळक्यात हेच ऐकत मोठा झालो.

पौलाचं बघा. त्याच्या शरीरात काटा होता असं तो करिंथकरांना लिहितो, काटा म्हणजे कुठला आजार ते सांगत नाही. तीनदा विनवणी केली, काढून टाक. काढला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच उत्तर आलं. आपण ते वाक्य फ्रेम करून भिंतीला लावतो आणि ते 'नाही'चं उत्तर होतं हे विसरतो.

आणि नाताळची गोष्ट मुलांच्या नाटकात असते तेवढी गोड मुळात नाहीच. मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात गेले तेव्हा अर्पण काय दिलं, होल्यांची जोडी नाहीतर पारव्याची दोन पिल्लं. लेवीयच्या पुस्तकात नियम आहे, कोकरू द्यायची ऐपत नसेल त्या बाळंतिणीने ते द्यायचं. म्हणजे ही गोष्ट शुभवर्तमानात लिहिणाऱ्या लूकने सरळ लिहिलं नाही तरी त्या घरात पैसे नव्हते हे कळतं. मग बाळाच्या जिवावर उठलेला हेरोद राजा, मग रातोरात मिसर देशाला पळणं, आणि मागे बेथलेहेमात दोन वर्षांच्या आतली पोरं मारली गेली. त्या आयांना त्या साली काय आशा मिळाली असेल? मत्तयने ते रडणं पुसून टाकलं नाही, तसंच लिहून ठेवलं.

तुम्हाला अजून एक माणूस सुचवतो, जखऱ्या. योहानाचा बाप. याजक होता, म्हणजे बोलणं हेच काम, आणि नेमका त्याचाच आवाज गेला. मंदिराबाहेर लोक आशीर्वादाची वाट बघत उभे आणि हा हातवारे करतोय. नऊ-दहा महिने तसेच काढले. पोराचं नाव काय ठेवायचं ते सुद्धा पाटी मागवून लिहून दाखवलं. नाताळची सगळी गोष्ट सुरू होते तीच एका मुक्या झालेल्या म्हाताऱ्याच्या घरातून. तुमच्या घरी हे लागू पडेल असं वाटलं.

---

गिरणाकाठचा_भाऊ | १४ डिसेंबर, रात्री ९:५०

दादा माफ करा पण जखऱ्या मुका झाला तो अविश्वासामुळे, गब्रीएल देवदूताने तसं तोंडावर सांगितलंय. ताईंना लोक तेच ऐकवतायत ना, मग हे उदाहरण उलटंच लागेल.

---

पिंपळनेरचा_पण_पुण्यात | १४ डिसेंबर, रात्री १०:१०

बरोबर पकडलंत, मी घाईत लिहिलं. ताई, मुलांसमोर जखऱ्या नको, कोणीतरी नेमका चुकीचा अर्थ घरी घेऊन जाईल. फक्त एक, लूकने त्याच अध्यायात सहाव्या वचनात लिहून ठेवलंय की जखऱ्या आणि अलीशिबा दोघं देवापुढं नीतिमान होते, आणि लगेच पुढच्या वचनात की त्यांना मूल नव्हतं. दोन्ही एका दमात. मूल नाही म्हणजे पाप असणार असं म्हणणारे तेव्हाही गावात असतीलच, लूकने त्यांचं तोंड आधीच बंद केलं. तुमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना हे वाचून दाखवा हवं तर, चहाबरोबर.

---

रिटायर_सिस्टर | १५ डिसेंबर, पहाटे ५:३०

बेटा, मी नर्स होते, ३४ वर्षं नोकरी, त्यातली जास्त वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात आणि शेवटची मेडिसिनला. आता गुडघे गेले म्हणून घरी. आधी कामाचं बोलते मग देवाचं.

त्यांना उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नकोस, कोणालाही ओढू देऊ नकोस, खांदा निखळतो आणि मग दुखणं वेगळंच सुरू होतं. बसले की हाताखाली उशी. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, गावाकडे सगळे हेच करतात आणि मग दुसरा झटका येतो. हाताचे व्यायाम रोज. पहिल्या तीन-चार महिन्यांत फरक जास्त दिसतो, नंतर हळू होतो पण थांबत नाही, त्यामुळे कोणी सांगितलं की आता काय होणार नाही तर ऐकू नकोस. आणि ते भिंतीकडे तोंड करणं, रडणं, त्याला विश्वासाची कमतरता म्हणू नका रे बाबांनो, स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एका माणसाला डिप्रेशन येतं, ते डॉक्टरांना सांगायचं, त्याला औषध असतं.

अजून एक. बोलता येत नाही असं लिहिलंस. अशा काही पेशंटना बोलता येत नाही पण गाता येतं, ओळखीचं गाणं सुरू केलं की शब्द चालीबरोबर येतात. मी डोळ्यांनी बघितलंय, एक म्हातारे स्वतःच्या बायकोचं नाव सांगू शकत नव्हते आणि आरती पूर्ण म्हणाले. सगळ्यांचं होत नाही तसं. पण तुझ्या घरी तर गाणाराच माणूस आहे, करून बघ. आग्रह करू नको.

आता देवाचं. मी काही वचनं पाठ असणारी बाई नाही. पण बाळं हजारो हातात घेतली. नवीन बाळाला मान धरता येत नाही माहितीये ना, आपण मागून दोन बोटं लावतो, नाही लावली तर मान मागे जाते. एका नाताळला रात्रपाळी होती, ऊसतोडीला निघालेली बाई रस्त्यातच अडली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झालं बाळ, आमच्याकडे आणलं तेव्हा जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं आणि खाली गुरांच्या चाऱ्याचं गवत. मी त्याच्या मानेखाली बोटं लावली आणि एकदम आलं मनात की बाई गं, देवाची पण मान अशीच कोणीतरी धरली होती. मरीयेने धरली असेल, योसेफाने धरली असेल, त्या धनगरांपैकी एखाद्याने घेऊ का म्हणून मागितलं असेल तर त्याच्या त्या मेंढरांच्या वासाच्या हाताने धरली असेल. कोणी सावरलं नसतं तर पडला असता तो. म्हणजे देव स्वतःच दुसऱ्याच्या हातात जाऊन बसला. वापरतो बिपरतो ते मला कळत नाही. त्याला स्वतःला उचलून घ्यावं लागत होतं एवढं मला कळतं.

तुझ्या नवऱ्याला आता उचलून घेऊ देणं जमत नाहीये. पुरुष माणसाला ते फार जड जातं, ड्रायव्हर असेल तर अजूनच.

---

साक्रीकडची_ताई | १५ डिसेंबर, सकाळी ८:०२

सिस्टर, आंघोळीच्या आधी वाचलं आणि तशीच चुलीपुढं बसून राहिले. हात ओढायचं आम्ही रोज करत होतो हो. आजपासून बंद.

---

रावेरचा_केळीवाला | १५ डिसेंबर, दुपारी ३:३०

मी ख्रिश्चन नाही, माळकरी घरातला आहे, पण भुसावळला शिकायला होतो तेव्हा खोलीशेजारी एक ख्रिश्चन कुटुंब होतं आणि नाताळला करंज्या त्यांच्याकडून यायच्या, त्यामुळे हा धागा वाचत बसलो. ताई, तुमच्या मिस्टरांना लवकर आराम पडो.

एक शंका विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. देवाला लहान माणूस आवडतो, दुर्बळ आवडतो, हे आमच्याकडेही आहे, तुकोबांची मुंगी साखर खाते आणि ऐरावताला अंकुश बसतो. पण हेच ऐकवून गरिबाला गप्प बसवायचं काम पण पिढ्यानपिढ्या चाललंय ना? सालदाराला सांगायचं की लहानपणातच सुख आहे आणि मालकाने खुशाल मोठं राहायचं. दुर्बळपणा चांगला म्हटलं की बरं व्हायची खटपट कोण करणार?

दुसरं, आमच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१). लिहिता-वाचता येत नव्हतं, तिशीत नवरा गेला, शेतात राबता राबता ओव्या रचल्या. मुलाने त्या उतरवून ठेवल्या आणि त्या गेल्यावर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांचं पुस्तक आलं. आता जो तो म्हणतो अडाणी बाईच्या तोंडून सरस्वती बोलली. बोलली खरी. पण मला वाटतं अडाणीपण चांगलं होतं असं नाही, ते असतानाही बोलली. आणि कोणीतरी ते कागदावर उतरवून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं, नाहीतर ते जात्याबरोबरच गेलं असतं.

---

पिंपळनेरचा_पण_पुण्यात | १५ डिसेंबर, रात्री ८:४५

केळीवाले भाऊ, शंका शंभर टक्के बरोबर आहे आणि चर्चमध्ये पण हे होतं, नाकारत नाही. पण बाळ जन्मायच्या आधीच त्याच्या आईने जे गाणं म्हटलं ते लूकच्या पहिल्याच अध्यायात आहे, त्यात अधिपतींना राजासनावरून खाली ओढलं, भुकेल्यांना पोटभर दिलं आणि धनवानांना रिकाम्या हाताने लावून दिलं असं आहे. खेड्यातली, लग्न व्हायची, पोटुशी पोरगी हे म्हणतेय. हे काही गप्प बसायचं गाणं नाही. सालदाराला सांगायचं असेल तर हे सांगा, मालक ऐकतोय तेव्हाच सांगा.

आणि 'असतानाही' हा तुमचा शब्द मला फार पटला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) बघा, दुष्काळाने आईबाप नेले, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला, उतारवयात कानांनी नीट ऐकू येईना, तरी केडगावला शेकडो दुष्काळी मुली सांभाळल्या आणि बायबलचं भाषांतर करत बसल्या. पण १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्या वर्षी बाई स्वतः. देवाने सगळं भरून दिलं असा शेवट तिथं लावता येत नाही. मी तरी लावणार नाही.

---

गिरणाकाठचा_भाऊ | १५ डिसेंबर, रात्री ९:३०

ताई, मी सकाळपासून विचार करतोय. मी पण भेटायला गेलो की हेच बोलतो, साक्ष होईल म्हणून. आमच्या शेजारच्या काकांना कॅन्सर होता तेव्हा बोललो होतो, ते काही बोलले नाहीत, नुसते हसले. आता नाहीत ते. पुढच्या वेळी कोणाकडे गेलो तर डबा घेऊन जाईन आणि तोंड बंद ठेवीन. गिदोन मागे घेतो.

---

साक्रीकडची_ताई | १९ डिसेंबर, रात्री १०:५५

सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं, कापूस वेचणी चालू आहे आणि यांना घेऊन धुळ्याला जायचं होतं. डॉक्टरांना रडण्याचं सांगितलं, त्यांनी एक गोळी वाढवली आणि मला म्हणाले बरं झालं बोललात, कोणी सांगतच नाही.

आता झालं ते सांगते. १७ ला संध्याकाळी पोरं आमच्याच ओट्यासमोर प्रॅक्टिस करायला आली, मीच बोलावलं होतं, यांना न विचारता. हे आत खाटेवर. नवीन पोरगा आहे ढोलकवर, नववीतला, हात चांगला आहे पण पळतो, गाणं मागे आणि ढोलक पुढे. दोन गाणी झाली. तिसऱ्याला आतून जोरात आवाज आला, "हळू!"

शब्द स्पष्ट. मी हातातली परात ठेवून आत गेले तर हे डाव्या हाताने खाटेच्या माचव्यावर ठेका धरून बसलेले, घामाघूम, आणि तोंडाने ताल चालू. पोरगा दारात येऊन उभा. यांनी बोट दाखवलं, ऐक म्हणून. मग अर्धा तास हे माचव्यावर डाव्या हाताने आणि तो ढोलकवर. गाण्याचं म्हणाल सिस्टर तर धृपदाचे तीन-चार शब्द आले, पुढे अडकलं, पुन्हा आले. मला वाटलं आता खूश होतील, तर शेवटी ढोलकच्या दोऱ्या कशा ओढल्या बघून इतके चिडले की पोरगा घाबरून पळाला. दुसऱ्या दिवशी आला पण परत, स्वतःहून. रात्री मला म्हणाले, मन्हा हात नही चालस. मी म्हटलं हो, नाही चालत. पहिल्यांदाच मी असं म्हटलं, नाहीतर रोज म्हणत होते होईल होईल. गप्प पडून राहिलो दोघं, पण भिंतीकडे वळले नाहीत.

बोलायचं ठरवलंय. मुलांना स्टेजवर एकेक करून बाहुली हातात द्यायची, नाटकातली येशूबाळाची, आणि मान कशी धरायची ते दाखवायचं. मोठ्यांना पण देणार आहे, पाळकसाहेबांना पण. मग थोडं बोलेन, फार नाही. होल्याच्या जोडीचं सांगेन, ते आमच्या मंडळीला कळेल, आमच्यातल्या निम्म्यांनी उसनवारीवर सण काढलेत.

२३ ला टीम सगळ्यात शेवटी आमच्याकडे यायचीय. दिव्याचं अजून विचारलं नाही यांना.

केळीवाले भाऊ, तुमच्याकडचे लोक भरीतात एक्स्पर्ट म्हणून विचारते, २५ माणसं धरली तर वांगी किती लागतील?

---

रावेरचा_केळीवाला | १९ डिसेंबर, रात्री ११:१०

थंडीत पोरं गाऊन गाऊन येणार म्हणजे सहा किलो धरा ताई, हिरवी, मोठी, हातात हलकी लागणारी घ्या, जड असली की बिया निघतात. गॅसवर भाजू नका. कापूस निघालाय म्हणता तर काड्या आहेतच घरच्या, त्याच पेटवा अंगणात. बडगी नसेल तर खलबत्त्यात ठेचू नका, पाणी सुटतं, लाकडाच्या कशात तरी ठेचा. मिरची मात्र तुमच्याकडचीच. आणि ठेचायला डावा हात पण चालतो, माझी आजी डावरीच होती.

---

रिटायर_सिस्टर | २० डिसेंबर, पहाटे ५:१५

मीठ कमी घाल त्यांच्या वाटणीत. बीपी आहे.